घोडीचं नाव

फॉर्मवरच्या दोन प्रश्नांपाशी माझं घोडं अडलं. पहिला, तुमचं वजन किती. दुसरा, यापूर्वी कधी घोड्यावर बसला आहात का. वजनाचं काही विशेष वाटलं नाही. मास्तरकी सांभाळून सात एकर वावर करताना दरवर्षी कापूस काट्यावर चढवत आलो, एकदा आपण चढलो तर काय बिघडलं. ६८ किलो लिहून मोकळा झालो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र पेन थांबलं. बसलो होतो तर. एकदा. १९८८ च्या मे महिन्यात, सासुरवाडीला, जानोशापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि पारापासून मांडवापर्यंत, सगळं मिळून अर्धा किलोमीटर भरलं तर भरलं. लगामही दुसऱ्याच्याच हातात. पण प्रश्न 'बसलात का' असा होता, 'चालवला का' असा नव्हता. विचारलं तेवढंच लिहा, हे मी तीस वर्षं पोरांना सांगत आलो. 'होय'वर खूण केली. त्या खुणेनं पुढं सहा-सात महिने माझा पिच्छा सोडला नाही.

लेक-जावई लंडनला असतात आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं महिनाभर तिकडे होतो, एवढं पुरे. असे आईबाप आता प्रत्येक तालुक्यात आहेत. आम्ही निघायच्या आधीच, २४ एप्रिलला, तिथल्या लष्करी पागेतले घोडे उधळून भर शहरातून पळाले होते आणि त्यांचा व्हिडिओ आमच्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला होता. बांधकामावरचं काहीतरी धाडकन पडलं आणि जनावरं बिचकली. बस-मोटारींच्या मधून धावणारा एक पांढरा घोडा, छाती आणि पुढचे पाय रक्तानं माखलेले. बायकोनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि मला बजावलं, 'तिकडे घोड्याच्या जवळपास जायाचं नाई.' आणि नेमकं लेकीनं माझ्या वाढदिवसाला हाइड पार्कमधली घोड्याची रपेट ठरवली. आमच्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्रासारखा माझाही वाढदिवस १ जूनचा, शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेला. खरा कोणता ते आईलाही आठवत नव्हतं. एका तासाचे शंभराच्या वर पौंड. लेकीनं आकडा सांगितला नाही, मी जावयाकडून काढून घेतला आणि मनातल्या मनात भागाकार केला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता. म्हणजे तासाला दीड क्विंटलाच्या वर कापूस. एवढ्या कापसाला वेचाईची किती माणसं, किती दिवस, हा हिशेब मग मी मुद्दाम केला नाही.

पागा पार्काच्या उत्तरेला एका बोळात होती. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना बुटकी घरं, आणि मधेच घोड्यांचे खण. बोळात शिरलो आणि लीद, ओलं कातडं, वाळल्या गवताचा वास एकदम अंगावर आला. त्या शहरात पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला कुठंतरी आल्यासारखं वाटलं. प्रत्येक खणाच्या दारावर घोड्याच्या नावाची पाटी. एक पोरगी, माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, घोड्याला खरारा करत होती. तिनं माझ्या डोक्याला हेल्मेट बसवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला, लाकडी पायऱ्यांवर चढवून मला खोगिरात बसवलं आणि दोरी हातात घेऊन पायी चालू लागली. बोळातून बाहेर पडलो की समोरच मोठा रस्ता, आणि तो ओलांडायचा होता. लाल दुमजली बसगाड्या आमच्यासाठी उभ्या राहिल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर माझ्यासाठी कापसाचा ट्रक कधी थांबला नाही.

पार्कात शिरल्यावर तिनं सहज विचारलं, 'तुम्ही आधी बसला आहात म्हणे. कोणता घोडा होता?' मी म्हटलं, घोडी. पांढरी. लग्नातली. तिला फार मजा वाटली. म्हणाली, 'वा! तिचं नाव काय होतं?'

आणि मी खोटं बोललो.

'लक्ष्मी,' म्हणालो. लक्ष्मी ही आमच्या गोठ्यातली गाय. तोंडाला आलं ते दिलं. ती पोरगी मग तासभर 'लॅक्श्मी'चीच चौकशी करत राहिली. किती हाताची होती, किती वर्षांची, स्वभाव कसा, गर्दीला बिचकायची का. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, अशी मी त्या सरळ वाळूच्या वाटेवर खोट्याची रांग लावत गेलो. खाली तो बिचारा उमदा घोडा, कान मागे करून जणू सगळं ऐकत होता.

त्या वाटेला रॉटन रो म्हणतात, शब्दशः सडकी वाट. मूळ फ्रेंच 'राजाचा रस्ता', त्याचा लोकांच्या तोंडी असा चुथडा झाला, असं सांगतात. तिसरा विल्यम राजा केन्सिंग्टनच्या वाड्यात राहायला गेला. तिथून सेंट जेम्सच्या राजवाड्याला जाताना पार्कात वाटमाऱ्यांचं भय, म्हणून १६९० मध्ये त्यानं या वाटेवर ३०० तेलाचे दिवे लावून घेतले. त्या देशातला रात्री उजळलेला पहिला रस्ता तो हाच. पुढं तिथं उमराव आणि त्यांच्या बायका नटून-थटून घोड्यावरून मिरवायला येऊ लागल्या. १८५१ मध्ये याच वाटेच्या कडेला त्यांनी काचेचा महाल उभारून जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरवलं, आणि दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, आमचा वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या हाती गेला. पुढं १८७० मध्ये खामगावच्या कापसाच्या बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा काढला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. म्हणजे त्या वाटेवरून मिरवणाऱ्यांच्या अंगावर आमच्याकडचं एखादं बोंड असेलच. हे मी त्या पोरीला सांगितलं नाही. लक्ष्मीनंच तिचं पोट भरलं होतं. आदल्या दिवशी लेकीसोबत पायी फिरताना एका चौकात रस्ता ओलांडायच्या खांबावर मला दोन बटणं दिसली होती. एक माणसाच्या हाताला येईल असं, दुसरं त्याच्या बरंच वर. घोड्यावर बसलेल्याला खाली वाकावं लागू नये म्हणून. दिव्यातही हिरवा घोडा उमटतो. मी त्या वरच्या बटणाकडे बराच वेळ पाहत उभा होतो. घोड्यावर बसलेला माणूस नेहमी तेवढ्या उंचीवर असतो, आणि जगानं ती उंची धरून बटणं बसवलेली असतात.

रपेट संपली. तिनं मला उतरवलं, रिकिबी आपल्या पायाच्या मापाला घेतल्या, आणि ज्या घोड्याची दोरी तासभर पायी धरून चालली होती त्याच्यावर टांग टाकून बसली. पुढच्या टोळीला घेऊन दुडक्या चालीनं निघून गेली. मी माझी आखडलेली मांडी चोळत उभा. का कोण जाणे, त्याच वेळी मला लग्नातल्या घोडीवाल्याची पाठ आठवली.

पाठच. तोंड आठवेना.

मे महिना, सूर्य मावळून गेला तरी धग ओकणारी जमीन. मी बंडीच्या जुवावर पाय देऊन घोडीवर चढलो होतो, साळ्यानं मागून ढकललं होतं. डोक्याला बाशिंग, कपाळावर मुंडावळ्यांची खाज, पुढ्यात कुणाचं तरी चार वर्षांचं पोरगं बसवलेलं, ते झोपेनं माझ्यावर रेललेलं. घोडी पांढरी म्हणायची. जवळून राखाडी होती, मानेवर माशा बसलेल्या. (लंडनला कळलं, तिकडचे जाणते घोडेवाले पांढऱ्याशुभ्र घोड्यालाही करडाच म्हणतात. तेवढ्यापुरतं मी खरं बोललो असं समजायला हरकत नाही.) दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया. त्यांच्या मानेवरून घामाचे ओघळ आणि बत्तीचा सूं सूं आवाज. राजाचे ३०० दिवे झाडांना टांगलेले होते; आमचे सहा दिवे बायांच्या डोक्यावर होते. बँड वाजला की घोडी कान पाडायची आणि पुढं चालणारा तो माणूस लगाम किंचित खाली ओढायचा. मळकट धोतर, पाठीला चिकटलेली बंडी, पायात टायरच्या वहाणा. पंगतीच्या वेळी तो गोठ्याकडे बसला होता. त्याची पत्रावळ तिकडेच नेऊन दिली. कोणी नेली, वाढलं काय, मला ठाऊक नाही. मी तेव्हा सासऱ्याकडून घड्याळ घेत होतो.

लंडनहून परतताना विमानात मी या सगळ्याचा एक सिद्धांत बांधला. मास्तरला सिद्धांताशिवाय जेवण जात नाही. आपल्या जुन्या फौजांत दोन प्रकारचे स्वार. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० नंतर बंगालवर गेल्या तेव्हा तिथल्या लोकांनी बारगिराचं 'बर्गी' केलं, आणि तिकडच्या आया अजून पोरांना बर्गीची भीती घालून झोपवतात म्हणे. तर माझं म्हणणं असं, की आमच्या गावगाड्यात हे उलटं झालं. ज्याची घोडी तो जन्मभर खाली चालणार, आणि ज्याचा घोड्याशी काडीचा संबंध नाही तो उपरा वर बसणार. नवरदेव बारगीर आणि पायी चालणारा शिलेदार. तिकडची पोरगी दोरी धरते तशी मांडही ठोकते. आपल्याकडे धरणारा धरतच राहतो. हा सिद्धांत मी लेकीला फोनवर ऐकवला, व्याह्यांना ऐकवला, निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत चहासोबत ऐकवला. माना डोलल्या. मला स्वतःलाही तो फार आवडला होता, हे कबूल करतो.

यात एक गोष्ट मी कुणाला सांगत नव्हतो. माझ्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी आमच्याच गावात, पलीकडच्या वस्तीतल्या एका पोरानं घोड्यावरून वरात आणली. त्याच्या घरात त्याच्या आधी कोणी घोड्यावर बसलेलं नव्हतं. पारावर बसलेली माणसं वरात दिसताच एकेक करून उठली आणि घरात गेली. भांडण नाही, शिवी नाही. नुसती उठून गेली. मी पारावर नव्हतो. मी घराच्या खिडकीत होतो, आणि बाहेर आलो नाही. ते पोरगं मान ताठ ठेवून रिकाम्या पारापुढून गेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी समतेचा पाठ शिकवला असेन कदाचित. शिलेदार-बारगीर सांगताना जीभ भलतीच सैल सुटते. या वरातीशी येऊन ती थांबते.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकले. तूप-हळदीचा हात वशिंडाच्या पुढं चोळताना कातडीची ती थरथर, आणि कानात सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' आमच्याकडे एकच जोडी उरली आहे, बाकी सगळं ट्रॅक्टरनं होतं. चोळता चोळता मनात आलं की माझ्या आजोबांच्या वेळेपासूनच्या सगळ्या बैलांची नावं मला पाठ आहेत. पटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावलेला शिंगऱ्या. १९७९ ला विहिरीत पडलेला पवळ्या. त्याच्या जोडीचा, पुढं महिनाभर नीट चारा न खाल्लेला धवळ्या. तळेगाव दशासरच्या शंकरपटात कुणाची जोडी किती सेकंदांत गेली हे सांगणारी माणसं आमच्या पारावर आहेत. २०१४ ला कोर्टानं पट बंद केले तेव्हा ती सुतक पडल्यासारखी बसून होती, आणि २०२३ ला कायमचे मोकळे झाले तेव्हा पेढे वाटले. बैलाचं नाव, आईचं नाव, खोड, भोवरा, सगळं. आणि आयुष्यात ज्या एका घोडीनं मला पाठीवर घेतलं तिचं नाव विचारायचं छत्तीस वर्षांत सुचलं नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, 'मले काय मालूम? मी काय घोडीवर बसली होती? मी त मांडवात होती.'

जानेवारीत साळ्याच्या नातवाच्या बारशाला सासुरवाडीला गेलो, तेव्हा घोडीवाल्याचा पत्ता काढला. पाच कोसांवरचं गाव. साळ्याची मोटारसायकल घेऊन एकटाच निघालो. दोन्हीकडे तुरी वाळत आलेल्या, वेचून संपलेल्या पऱ्हाटीची झाडं उभी. घर सापडलं. म्हातारा वारून बारा वर्षं झालेली. त्याचा मुलगा, पन्नाशीचा, अंगणात मालवाहू रिक्षाचं चाक काढत बसला होता; लग्नाच्या हंगामात त्याच रिक्षावर डीजेचे डबे लादतो. घोडी? ती कधीच गेली. नंतर घेतली नाही. नवरदेव आता तालुक्याहून बग्गी मागवतात नाहीतर उघड्या छताच्या गाडीतून येतात. मी माझी ओळख सांगितली. त्यानं हात पुसून खाट टाकली, 'बसा जवाईबापू' म्हणाला आणि चहा सांगितला. मी म्हणालो, तुमच्या वडिलांची मला फार आठवण येते, जन्मभर बिचारे पायीच चालले. बोलताना माझा आवाज जरा ओलाही झाला असावा.

तो माझ्याकडे पाहतच राहिला.

'पैदल? पैदल काहून येईल तो? पाच-पाच, सात-सात कोसांवरून?' मग तो हसला. 'लगन लागलं, जेवन झालं का बाबा घोडीवर बसे. खोगीर गाठोड्यात बांधून उघड्या पाठीवर. रात्री दोन-दोन वाजता येत होता. सडक मोकळी. आमी पोट्टे जागेच राहो. नाल्याच्या पलीकून टापा आयकू आल्या का मायनं चूल पेटवाची. असा चौखूर आणे तिले का कुत्रे भुकाचे थांबत. वरातीत ते घोडी कायची, बकरीवानी चाले. तिची खरी चाल कोन्या नवरदेवानं पायलीच नाई.'

माझा सिद्धांत तिथं खाटेखाली कुठंतरी गेला. मी चहा प्यालो. मग विचारलं, नाव काय होतं तिचं? त्याला सांगता येईना. 'आमी घोडीच म्हनो,' म्हणाला, आणि घरात हाक दिली. म्हातारी बाहेर आली, दाराला धरून, एका डोळ्यात फूल पडलेलं. प्रश्न दोनदा सांगावा लागला. ऐकून ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

'नाव कायचं रे बापा. घरी त निसतं चक-चक करे.' तिनं जीभ टाळूला लावून तो आवाज काढून दाखवला. 'पन लग्नात मोठा चावट. ज्याच्या लगनाले जाय तिथं नवरीचं नाव इचारून घे, आन् त्या दिवशी घोडीले त्याच नावानं बलावे. हळू, तिच्या कानात. नवरदेवाले आयकू नाई जाय. म्हने, बसूनच रायला त नाव त बरोबर पाह्यजे.'

परत येताना मी मोटारसायकल फार हळू चालवली. तर त्या संध्याकाळी, बाशिंगाखाली मी घामाघूम होऊन बसलेलो असताना, तो माझ्यापुढं चालणारा माणूस घोडीच्या कानात माझ्या बायकोचं नाव घेत होता. तिचं माहेरचं नाव. आणि तासाभरानंच मी मांडवात तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं नाव लिहिलं, आमच्या घरात ठरवून आणलेलं. तेव्हा तशीच पद्धत होती. लिहिताना अक्षर वळणदार यावं एवढीच मला काळजी होती. पत्रिकेत वाचलं होतं तेवढंच मला ते पहिलं नाव माहीत. मी त्या नावानं तिला कधी हाक मारलेली नाही. तिची आई गेल्यापासून कुणीच मारत नाही. ते इथं लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही.

बायको माहेरच्या ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. मी गाडी लावली, चपला काढल्या, हातपाय धुतले.

'भेटलं का तुमच्या घोडीचं नाव?' तिनं शेंगांतून मान वर न काढता विचारलं.

'भेटलं.'

'काय होतं?'

मी ते नाव घेतलं.

'काय जी?' ती म्हणाली.

मग शेंग सोलणारा हात थांबला.